पोह्यांत हरवलेली शर्यत

मंदार देवधरला सायकल येत नव्हती, ही गोष्ट त्या वेळी जगात पाच माणसांना ठाऊक होती. मंदार स्वतः, त्याचे आईवडील, माझा दादा आणि मी. पुण्यात जन्मून सतराव्या वर्षापर्यंत सायकल न येणं म्हणजे कोकणात जन्मून नारळ सोलता न येण्यासारखं. पण देवधरकाका एकुलत्या एका मुलाला फार जपायचे. त्यांनी मंदारला दहावीपर्यंत रिक्षाने शाळेत पाठवलं आणि कॉलेजात गेल्यावर गिअर नसलेली नवी कोरी स्कूटर हातात दिली, त्यामुळे मधली सायकल राहूनच गेली. एरवी यात त्याचं काहीच अडलं नसतं. अडचण एवढीच झाली, की माझ्या दादाने त्याला सायकलच्या शर्यतीवरच्या सिनेमाचा हीरो केलं.

आमची सोसायटी कोथरूडमध्ये, पौड रस्त्यावरून जरा आत. तीन इमारती, मध्ये पटांगण आणि पटांगणात ‘येथे खेळू नये’ अशी पाटी, जिचा आम्ही स्टंप म्हणून उपयोग करायचो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आई शिलाई मशीन चालवायची, साड्यांना फॉल लावायची, ब्लाउज शिवायची. त्यामुळे आमच्या घरात सकाळी जाग यायची ती मशीनच्या खडखडाटाने. खालच्या मजल्यावर साठेसरांची गणिताची शिकवणी. दुपारभर तिथून पाढ्यांसारखी सूत्रं वर यायची, आणि आईच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की सर तिथूनच ओरडून सांगायचे, “वहिनी, वरण झालं.” बाबा भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होते. कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, तिथपर्यंत ते सायकलने जायचे. काळी, चोवीस इंची, डायनामो लावलेली, म्हशीसारखी जड सायकल. रविवारी सकाळी ते जुना पेपर अंथरून तिला तेलपाणी करायचे, आणि त्या वेळी आईनेसुद्धा त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

दादाचं नाव शिरीष. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्या वेळी गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, त्यातल्या एका क्लासला तो जायचा. तिथे देवळात गेल्यासारख्या चपला बाहेर काढाव्या लागत, आत एसीत सहा जणांत एक मशीन असे, आणि तीन महिन्यांत दादा त्यावर एक चौकोन काढायला शिकला होता. पण त्याचा जीव होता सिनेमात. व्हिडिओ लायब्ररीतून त्याने एकदा एक इंग्रजी कॅसेट आणली. तिच्यावरचं नावाचं स्टिकर निघून गेलेलं होतं, त्यामुळे त्या सिनेमाचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. कॉलेजची मुलं सायकलच्या शर्यतीत भाग घेतात, एवढं समजायचं. ती एकमेकांशी काय बोलतात त्यातलं निम्मं समजायचं नाही. तरी आमच्या इमारतीतल्या सगळ्या मुलांनी तो सतरा-अठरा वेळा पाहिला. न समजलेले संवाद ज्याने त्याने आपापल्या मनाने भरले. शेवटी लायब्ररीवाला दादाला म्हणाला, “तुमच्याशिवाय ती कॅसेट कोणी मागत नाही. घेऊनच जा, माझी जागा अडते.” त्या दिवशी दादाला वाटलं, की हा दैवी संकेत आहे.

सिनेमाचं नाव ठरलं ‘पायडलवीर’. बाबांच्या ऑफिसातून आलेल्या जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या बाजूवर दादाने पटकथा लिहिली. गोष्ट अशी, की कोथरूडचा एक गरीब, स्वाभिमानी मुलगा चांदणी चौकाच्या चढावर एका उर्मट पैलवान स्वाराला हरवतो. मग देवधरकाकांकडे परवानगी मागायला गेलो. काका सोसायटीचे अध्यक्ष. पटांगण, हॉल, वीज आणि गणपतीतल्या कार्यक्रमात सिनेमा दाखवायची संध्याकाळ, हे सगळं त्यांच्या हातात. काकांनी पटकथा शांतपणे पूर्ण वाचली आणि म्हणाले, “शुद्धलेखन बरं आहे. हीरो कोण आहे?” दादा हुशार. तो तत्काळ म्हणाला, “मंदार.” आणि मंदार आतल्या खोलीतून बाहेर येऊन, खाली मान घालून, आपल्याला सायकल येत नाही हे सांगून मोकळा झाला. काकांनी दादाकडे पाहिलं. दादाने माझ्याकडे पाहिलं.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि मला सायकल येत होती एवढं म्हणणं कमी आहे. कोथरूड ते कॉलेज मी रोज लेडीज सायकलवर जायचे, वाटेत एकही बस पुढे जाऊ द्यायचे नाही, आणि घरी आल्यावर ‘शिरीषची बहीण’ व्हायचे. सोसायटीत माझं नाव वैजयंती आहे हे कितीजणांना माहीत होतं, देव जाणे. दादाने तोडगा काढला, तो असा: जवळून दिसेल तो मंदार, लांबून दिसेल ती मी. हॉलच्या पडद्यांचं उरलेलं पिवळं कापड होतं, आईने त्याचे दोन शर्ट शिवले, एक त्याला, एक मला. टोपी, गॉगल, वेणी शर्टाच्या आत. मी लगेच हो म्हणाले. कुणाला कळणार नव्हतं की ती मी आहे, पण शर्यत तर मी जिंकणार होते ना. सिनेमात का होईना, चांदणी चौकाचा चढ जिंकायचा, याचं मला वेड लागलं. रात्री झोपेत मी पाय हलवते, अशी आईची तक्रार होती.

चित्रीकरणासाठी दादाने शनिवार पेठेतल्या नंदूभाऊंना पटवलं. नंदूभाऊ लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. खांद्यावर मावणार नाही एवढा कॅमेरा, शर्टाच्या खिशात कायम कोणाच्या तरी लग्नातला सुपारीचा पुडा. सिनेमा हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. “ह्यात मुहूर्त कधी आहे?” हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांच्या धंद्याचे काही नियम होते आणि ते नियम आयुष्याच्या अनुभवातून आलेले होते. एकदा एका लग्नात त्यांच्याकडून पंगतीचं शूटिंग राहिलं. मुलाच्या मामाने कार्यालय डोक्यावर घेतलं, आणि शेवटी जेवून हात धुतलेल्या दीडशे लोकांना पुन्हा रिकाम्या ताटांवर बसवून, मिटक्या मारायला लावून पंगत घ्यावी लागली. तेव्हापासून कुणाच्या हातात खाण्याची बशी दिसली, की नंदूभाऊंचा कॅमेरा आपोआप तिकडे वळायचा. आम्हाला तेव्हा हा किस्सा फार विनोदी वाटला होता.

मंदारची जवळची दृश्यं पटांगणात झाली. बाबा कामावर गेले, की त्यांची सायकल बसथांब्यावरून आणायची, कॅरिअर, चेनकव्हर, डायनामो, मडगार्ड सगळं काढायचं, मागचं चाक विटांवर उचलून धरायचं, वर मंदारला बसवायचं आणि तो जीव खाऊन पायडल मारायचा. सायकल पळते आहे असं वाटावं म्हणून दोन मुली झाडांच्या फांद्या हातात धरून त्याच्या बाजूने उलट्या दिशेने पळायच्या. एका दृश्यात तीच फांदी तीनदा जाते, आणि तिला एक पतंग अडकलेला आहे. संध्याकाळी साडेपाचच्या आत सगळं परत जोडून सायकल बसथांब्यावर नेऊन ठेवायची. बाबांना आठवडाभर एवढंच जाणवलं, की आपली सायकल अलीकडे जरा हलकी चालते. ते त्यांनी स्वतःच्या तेलपाण्याचं यश मानलं.

उर्मट स्वाराच्या भूमिकेत बाळू होता. बाळू बावधनचा. त्याच्या घरची म्हशींची दावण होती आणि तो रोज पहाटे सायकलला दोन मोठे कॅन लावून चांदणी चौक उतरायचा, आमच्या सोसायटीत दूध घालायचा, आणि रिकामे कॅन घेऊन तोच चढ चढून परत जायचा. त्यामुळे त्याच्या मांड्या पाहून साठेसरसुद्धा ‘वा’ म्हणाले होते. त्याच वर्षी त्यांच्या वरच्या शिवारातला तुकडा एका बिल्डरने घेतला, आणि चुलत्याने बाळूला हौसेने खरी शर्यतीची सायकल आणून दिली. बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची. आपण हरायचं आहे हे ऐकून त्याला काही वाटलं नाही. त्याचा एकच संवाद होता: “माझ्या मागल्या चाकाची धूळ हीच तुझी भाकरी.” तो हे वाक्य शाळेत कविता म्हणावी तसं एका दमात, आकाशाकडे बघून म्हणायचा. आज आमच्या सोसायटीतली तिसरी पिढी ते तसंच म्हणते.

शर्यतीचा रविवार उजाडला. नंदूभाऊंना साडेअकराचं एक लग्न होतं, कॅसेट एकच उरली होती, त्यामुळे जे व्हायचं ते एकदाच आणि नऊच्या आत व्हायला हवं होतं. आई आणि देवधरकाकू यांनी देवधरांच्या स्वयंपाकघरात पातेलंभर पोहे करायला घेतले. कांदा परतल्याचा वास तिन्ही इमारतींत गेला आणि त्या वासाने सगळी सोसायटी फाटकापाशी जमली. बाबाही आले. बाबांना सांगितलं होतं, की त्यांची सायकल शेजारच्या सोसायटीतल्या कुणी उसनी नेली आहे, आणि कॅरिअर-मडगार्ड उतरवलेली, माझ्या हातातली सायकल त्यांनी ओळखली नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर फक्कीची रेघ मारली. इथून निघायचं, पौड रस्त्याने चांदणी चौकाचा चढ, वरच्या चहाच्या टपरीला वळसा, आणि परत ह्याच रेघेवर.

तेवढ्यात बावधनहून टेम्पो आला. त्यात बाळूचं सगळं घर होतं. चुलते, चुलत्या, पोरंटोरं, एक ताशावाला, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी पांढरं पागोटं घातलेला त्याचा आजा. मागे गुलालाचं पोतं. बाळूने घरी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण घरच्यांनी ‘सायकलची शर्यत आहे’ एवढंच ऐकलं होतं. बाळू दादाकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“शिरीषभाऊ, मी हरणार न्हाय.”

दादाने त्याला समजावलं, की अरे हा सिनेमा आहे, हे खोटं खोटं आहे.

“मला ठावं हाय. आज्याला ठावं न्हाय. त्याला शर्यत ठावं हाय. बैलाच्या शर्यतीत उभा जल्म गेलाय त्याचा. त्याच्यासमोर मुद्दाम हरलो तर तो माझ्या हातचं पानी पिणार न्हाय.”

मग त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. टोपी, गॉगल, पिवळा शर्ट. रोज सकाळी पातेलं घेऊन दार उघडणारी मुलगी त्याने ओळखली, आणि त्याचा चेहरा आणखी उतरला. तो खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, तुमी हाय व्हय. मग तर न्हायच जमायचं.”

दादाने मला फाटकाच्या आड घेतलं. तो पहिल्यांदाच माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलत होता. म्हणाला, वैजू, आता दुसरा इलाज नाही, तुला खरंच जिंकावं लागेल, नाहीतर सिनेमाला शेवट नाही. मी म्हणाले, त्याची सायकल बघ आणि ही बाबांची बघ. तो म्हणाला, बघितली. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. इतके दिवस जिंकल्यासारखं करायचं होतं, आता जिंकायचं होतं.

चढाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. बाळू पुढे होता, मी मागे होते, आणि आमच्या बाजूने टेम्पो चालला होता. टेम्पोत नंदूभाऊ कॅमेरा घेऊन बसले होते, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी बाळूच्या चुलत्या त्याला ओरडून ओरडून सल्ले देत होत्या. ताशा वाजतच होता. बाबांची सायकल चढावर म्हशीसारखी मागे ओढत होती, तोंडात रक्ताची चव आली होती. अर्ध्या चढावर मला वाटलं, की उतरावं आणि चालत घरी जावं. तेव्हा टेम्पोतली एक चुलती मला उद्देशून म्हणाली, “ए पिवळ्या, दमला असशील तर ये वर, पानी पी.” त्याचा मला इतका राग आला की मी वर पोचले. टपरीपाशी बाळू माझ्या चांगला पन्नास हात पुढे होता. टेम्पो आमच्या आधीच वळून खाली निघून गेला, कारण नंदूभाऊंना रेघेवर शेवट टिपायचा होता.

मग उतार आला. लोखंडाचं वजन चढावर वैरी असलं तरी उतारावर सोयरं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाळूला रोज कॅन भरलेले घेऊन उतरायची सवय, दूध सांडेल म्हणून त्याचा हात आपसूक ब्रेकवर जायचा. मी ब्रेकला हातच लावला नाही. त्यात शौर्य नव्हतं; चेनकव्हर काढताना मागच्या ब्रेकची एक सळई आम्ही परत बसवलीच नव्हती. पौड रस्त्याच्या सपाटीला लागलो तेव्हा आम्ही बरोबरीने होतो. शेवटच्या वळणावर त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघंही सीटवरून उठलो.

आता फाटकापाशी काय चाललं होतं ते सांगते. टेम्पो वेळेत पोचला, नंदूभाऊ उतरले, रेघेवर कॅमेरा लावला. सगळं दादाने सांगितलं तसं. आणि नेमक्या त्याच क्षणी देवधरकाकू पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. बशा फिरल्या. नंदूभाऊंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बशा पाहिल्या, आणि त्या जुन्या लग्नातल्या मुलाच्या मामाच्या धाकाने त्यांचा कॅमेरा शर्यतीवरून पोह्यांवर वळला. त्या काळी व्हिडिओ कॅमेरा आपल्याकडे वळला की माणूस जागच्या जागी थिजायचा. अख्ख्या सोसायटीने रस्त्याकडे पाठ केली. काकांनी शर्ट आत खोचले, काकूंनी पदर सारखे केले, चावणं थांबवलं किंवा फार सावकाश केलं, आणि सगळे लग्नातल्यासारखे कॅमेऱ्याकडे बघून किंचित हसले. बाबाही हसले. दादा सगळ्यांपुढे हात हलवत काहीतरी ओरडत होता. त्यालाही कोणीतरी बशी दिली. त्यांच्या पाठीमागून, कॅमेऱ्याला न दिसता, आम्ही दोघं रेघ ओलांडून गेलो, थेट फाटकाच्या आत, आणि ‘येथे खेळू नये’च्या पाटीवर जाऊन आदळलो.

पुढे मी होते. मला माहीत होतं. पण उठून पाहते तो कोणाच्याच तोंडावर काही नाही. एकाने विचारलं, “झाली का?” तेवढ्यात बाळूच्या आज्याने टेम्पोपाशी उभं राहून हात वर केला आणि ओरडला, “आपला बाळ्या!” लगेच ताशा सुरू झाला, पोतं फुटलं, आज्याने त्या वयात नातवाला खांद्यावर घेतलं. गुलाल बघून नंदूभाऊंना वरात आठवली, त्यांनी तेही भक्तिभावाने टिपलं. दादाने पिवळा शर्ट घालून इतका वेळ लपवून ठेवलेल्या मंदारला घाईघाईने पुढे ढकललं, त्याच्या हातात कॅरमचा जुना कप दिला, आणि सोसायटीने त्याला खांद्यावर घेतलं. दोन मिरवणुका एकमेकींच्या शेजारून गेल्या. मी मीटर रूममध्ये टोपी काढून बसले होते. गुडघे फुटले होते. रडत नव्हते, पण आता रडायला येणार हे कळत होतं.

बाळू तिथे आला. अंगभर गुलाल. दारात उभा राहून म्हणाला, “ताई, फुडं तुमी व्हता.”

“मग सांग की सगळ्यांना.”

“आज्याला कसं सांगू? तो हाय तवर बोलू नका. येवढं ऐका माझं. तो गेला की मी सोता समद्यांसमोर सांगतो.”

मी वचन दिलं. खरं सांगायचं तर मनात विचार केला, की आजोबा सत्तरीचे दिसतात. फार तर दहा वर्षं. तेवढी मी सहज थांबेन.

‘पायडलवीर’ त्या गणपतीत हॉलमध्ये दाखवला. नंदूभाऊंनी मिक्सिंग आपल्या पद्धतीने केलं होतं. चढाच्या दृश्यावर सनई होती, बाळूचा उर्मट चेहरा बदामाच्या आकारात उमटायचा, आणि शेवटच्या क्षणी, जिथे शर्यत संपायला हवी, तिथे साडेतीन मिनिटं कोथरूडची माणसं पोहे खात होती. मग एकदम गुलालात बाळू, मग कप घेतलेला मंदार. दोघेही जिंकलेले. दादा पहिल्या रांगेत डोकं धरून बसला होता, आणि लोक मात्र खुर्च्यांवर उभे राहून शिट्ट्या मारत होते. पुढच्या वर्षी ‘तोच लावा’ अशी मागणी आली. त्याच्या पुढच्या वर्षी बाजूच्या सोसायट्यांतून माणसं आली. मंदार पक्ष आणि बाळू पक्ष असे दोन तट पडले, कोण जिंकलं यावर नवराबायकोंत अबोले झाले. दोन्ही पक्षांत माझं नाव घेणारं कोणी नव्हतं. कॅसेटची सीडी झाली, सीडीची आणखी काही झाली, साठेसरांच्या नातवाने कंपनीच्या प्रोजेक्टरवर तो भिंतभर मोठा करून दाखवला. पोह्यांचं दृश्य आलं की आता हॉल शांत होतो. त्या दृश्यातली निम्मी माणसं गेली. जोशीकाकू पोह्यांतून लिंबाची बी काढून बशीच्या काठाला ठेवतात, ते पाहून त्यांची सून दरवर्षी डोळे पुसते. बाबा तिथे कॅमेऱ्याकडे बघून हसतात, त्यांच्या मागून त्यांची सायकल गेली हे न कळता. ते जाईपर्यंत मी त्यांना सांगितलं नाही.

दादा अमेरिकेत गेला, तिथे तो कॉम्प्युटरवर चौकोनांपेक्षा बऱ्याच अवघड गोष्टी करतो. मंदार बेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकला. आता रविवारी अंगाला चिकटणारे कपडे घालून, हेल्मेट लावून चार मित्रांबरोबर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो आणि वाटेत त्यांना आपण लहानपणी जिंकलेल्या शर्यतीची गोष्ट सांगतो. मला वाटतं त्याला ती खरीच वाटू लागली आहे. मंदार, हे वाचत असलास तर क्षमस्व. वाचत नसलास तर उत्तमच.

आणि आजोबा जगत राहिले. मी पदवी घेतली, नोकरीला लागले, लग्न केलं, मुलगी झाली. आजोबा ऐंशी झाले. चिंचेच्या झाडावरून पडले आणि उठून घरी चालत गेले. मोतीबिंदू काढला, आधीपेक्षा स्वच्छ दिसायला लागलं. जुन्या शिवारात इमारती उभ्या राहिल्या, बाळू स्वतः इमारती बांधू लागला, आणि आजोबा त्यातल्या एकीच्या सातव्या मजल्यावर राहायला गेले, लिफ्ट बंद असली तर जिन्याने. दर दिवाळीत मी फराळ घेऊन जायचे आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचे. ती चौकशी नेहमीच शुद्ध मनाने केलेली नसे, हे आता कबूल करते. “बरं हाय, पोरी,” असं ते खणखणीत आवाजात म्हणायचे, आणि मला बरंही वाटायचं आणि वाईटही. पुढे पुढे मात्र नुसतं बरं वाटू लागलं. त्यांना चिवडा आवडायचा, पण डाळं काढून.

शेवटची भेट झाली तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. दुपारची वेळ होती. त्यांनी बाळूला औषध आणायला पिटाळलं आणि मला जवळ बसायला सांगितलं.

“पोरी, त्या दिशी फुडं तू व्हतीस.”

मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक, तिथे तर कोणीच पाहिलं नव्हतं.

“म्या बघितलं. समदी त्या डबड्याकडं बघत व्हती. उभा जल्म बैलाच्या शर्यती बघितल्या म्या. रेघंवरची नजर काढत न्हाई म्या. शर्टातनं तुझी येनी सुटली व्हती.”

“मग आजोबा, बाळूला खांद्यावर का घेतलंत? गुलाल का उधळलात?”

“आनलेला व्हता,” ते म्हणाले. “परत कुठं न्यायचा?”

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेली बाई, त्यांच्या पलंगाच्या काठावर बसून हमसाहमशी रडत होते. इतक्या वर्षांत मी जिंकले असं बाळूशिवाय कोणीतरी, ज्याला शर्यतीतलं कळतं असं कोणीतरी, पहिल्यांदा म्हणालं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, “बाळ्याला बोलू नगं. त्याला वाटतंय मला ठावं न्हाय. पोराचा त्यो दिस ऱ्हाऊ दे. मी हाय तवर तरी.” तेवढ्यात बाळू औषध घेऊन आला आणि त्याने विचारलं, काय झालं. आजोबा म्हणाले, कांदा चिरलाय कुणीतरी. घरी येऊन मी तो सिनेमा लावला. पोहे खाणारे सगळे चेहरे समोर बघतात, आणि अगदी उजव्या कोपऱ्यात, टेम्पोपाशी, एक पांढरं पागोटं दिसतं. पाठमोरं. इतक्या वर्षांत माझं त्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

आजोबा त्या पावसाळ्यात गेले. माझ्या पुस्तकातलं हे प्रकरण लिहून झाल्यावर मी आधी बाळूच्या ऑफिसात जाऊन त्याला वाचून दाखवलं, कारण शब्द त्याला दिला होता. आता त्याच्या मिशीला कलप असतो आणि बाहेर तीन माणसं भेटीसाठी थांबलेली असतात. त्यांना त्याने थांबायला सांगितलं. आज्याचं ‘आनलेला व्हता’ आलं तेव्हा तो उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. “म्हंजी त्याला ठावं व्हतं,” तो म्हणाला. “ठावं असून नाचला माझ्यासाठी.” मग चष्मा पुसून परत येऊन बसला. म्हणाला, गणपतीत येतो, माइकवर सांगतो, शब्द म्हंजी शब्द. मग त्याने विचारलं, “किती फुडं व्हता, ते लिवलंय का?”

मी म्हणाले, नाही लिहिलं. लिहू?

“लिवा की. अर्धं चाक.”

“एक चाक होतं, बाळू.”

“अर्धं. माझ्या शेजारनंच गेला न्हाय का तुमी, मला ठावं हाय.”

आम्ही पाऊण तास भांडलो. बाहेरची तीन माणसं कंटाळून निघून गेली, चहा दोनदा गार झाला, टेबलावर त्याने पेन्सिलीने दोन सायकली काढल्या आणि मी त्या खोडून पुन्हा काढल्या. शेवटी तो म्हणाला, ताई, इतकी वर्षं तुमी माझं ऐकलं, येवढं एक आणखी ऐका. मी विचार करते म्हणाले. केला.

पुस्तक माझं आहे. एक चाक होतं.